लाकडी कचेरीचा दुसरा जिना

मोहनकुमार साहेब ऑस्ट्रियाला अभ्यासदौऱ्यावर जाऊन आले. अशा दौऱ्यांवरून माणसं घरच्यांसाठी चॉकलेटं आणतात आणि शेजाऱ्यांसाठी फोटो. साहेबांनी कचेरीसाठी एक कल्पना आणली, आणि ती चॉकलेटांसारखी वाटून संपवताही येईना. तिकडच्या एका खेड्यात त्यांनी पंचायतीची इमारत पाहिली होती. अख्खी लाकडी. आत शिरलं की ताज्या फळ्यांचा वास, आणि टेबलामागचे कर्मचारी हसतमुख. ते हसतमुख आहेत ते लाकडामुळेच, असं साहेबांनी परतीच्या विमानातच ठरवून टाकलं.

साहेबांची स्वतःची कचेरी बेंगळुरात, बसवनगुडीजवळ, एका जुन्या दगडी बंगल्यात होती. घरांच्या नोंदी, नावातले बदल, हद्दीची भांडणं असलं सगळं तिथं चालायचं. म्हणजे चालायचं नाही, पण तिथंच असायचं. जागा अपुरी पडत होती. बंगल्याच्या पायालगत काँक्रीटचं ओझं नको, असं इंजिनिअरांनी आधीच सांगितलेलं. लाकूड हलकं. तेव्हा साहेबांची हौस आणि इंजिनिअरांची भीती यांचं पहिल्यांदाच एकमत झालं, आणि लाकडी विस्ताराचं काम राजस आणि वाणीच्या छोट्याशा ऑफिसकडे आलं.

राजस पुण्याचा. एचएसआर लेआउटमध्ये भाड्यानं राहायचा. इथं आल्यापासून व्हाइटफील्डच्या टॉवरांच्या लॉब्या काढून काढून त्याचा जीव विटला होता, कारण प्रत्येक बिल्डरला लॉबीत धबधबा हवा असायचा. त्याला लाकडात काम करायचं होतं. लाकडाबद्दल बोलताना त्याचा आवाज देवघरात शिरल्यासारखा खाली यायचा. वाणी त्याची भागीदार, वयानं थोडी मोठी. तिचं घराणं बेंगळुरात इतकं जुनं की आपण कधी आणि कशाला आलो, हे विचारावं असं घरात कुणी उरलं नव्हतं. तिची मराठी कन्नडच्या साराबरोबर कालवलेली होती. दोघांनी कामं वाटून घेतली होती : लाकूड राजसचं, माणसं वाणीची.

कचेरीच्या बांधकाम समितीच्या पहिल्या बैठकीत राजसनं पडद्यावर चित्रं दाखवली. जाड खांबांवर उभा मजला, वर कर्मचारी आणि अधिकारी, खाली मोकळ्या सावलीत लोकांना बसायला जागा. शेवटी तो म्हणाला, "मटेरियल ऑनेस्ट असायला हवं. लाकूड लाकडासारखंच दिसलं पाहिजे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कुणीतरी वाळवीचं विचारलं. राजसनं उत्तर दिलं. मग आगीचं निघालं. जाड तुळई बाहेरून कोळसा होते पण आतून बराच वेळ शाबूत राहते, हे त्यानं जळक्या तुकड्याचा फोटो दाखवून समजावलं.

"आगीची काळजी नको हो," अधीक्षक शामसुंदर म्हणाले. हेही इथल्याच जुन्या मराठी घरातले. कपाळावर गंध, खिशात चार पेनं, पैकी लिहिणारं एकही नाही. "आमच्या फायली एवढ्या आहेत की लाकडापर्यंत पोचेस्तोवर आग दमेल."

सगळे हसले, आणि हसल्यावर धीट झाले. हिशेब विभागाला लाकडी जमिनीवर ग्रॅनाइट हवं होतं. नोंदणीवाल्यांना छताखाली पांढरं खोटं छत हवं होतं. शामसुंदरांनी सगळ्यांचं सार काढलं. "लाकूड ठेवा. साहेबांची इच्छा आहे. वरून सनमायका मारू. पुसायला सोपं."

"कसला सनमायका?" राजसनं जपून विचारलं.

"लाकडाच्या डिझाइनचा."

राजसनं वाणीकडे पाहिलं. वाणी ते मन लावून लिहून घेत होती.

बाहेर आल्यावर तो भडकला. "सागवानावर सागवानाचा फोटो चिकटवायचा? धिस इज इन्सेन, वाणी!"

"सरी, ठीकाय, स्वल्प दम धर," वाणी म्हणाली. "त्यांनी असलं लाकूड पाहिलंय कुठं? एक तुकडा खराखुरा बांधून दाखवू. हात लावला की कळेल."

तसा नमुना बांधला. आराखड्यातला एकच कप्पा, पण पूर्ण मापाचा : चार खांब, वर कौलं, गुडघाभर उंच फळ्यांची जमीन, पुढच्या बाजूला दोन पायऱ्या, आत एक लांब टेबल आणि कडेनं बाकं. भिंती नाहीत, दार नाही. सांधे चारी बाजूंनी दिसावेत म्हणून राजसनं मुद्दाम उघडं ठेवलं होतं. आवारात मोकळी जागा एकच, साहेबांची गाडी लागायची ती. साहेबांनी गाडी उन्हात लावायची परवानगी दिली, यावरून त्यांचं लाकडावरचं प्रेम किती खरं होतं हे समजावं.

समितीनं पुढच्या आठवड्यात नमुना बघायचा होता. तेवढ्यात तपासणीचं पथक आलं. मग एका सदस्याच्या मुलीचं लग्न निघालं. समिती येईना. लोक मात्र आले. उन्हात रांग लावून कंटाळलेल्या माणसांना समोर सावली, बाक आणि वारा दिसला, आणि त्यांनी कुणाच्याही मंजुरीची वाट पाहिली नाही.

राजस एका सकाळी फोटोग्राफरला कधी बोलवावं याचा अंदाज घ्यायला आला, तर नमुना खचाखच भरलेला. खांबाला पिशव्या लटकलेल्या. टेबलावर कुणाचा चित्रान्नाचा, म्हणजे पिवळ्या लिंबूभाताचा, डबा उघडलेला. आणि प्रत्येक खांबावर, माणसाचं डोकं टेकतं त्या उंचीवर, तेलाचा गोल डाग. एका खांबापाशी जाडजूड, ठसठशीत कुंकवाच्या बाई डोळे मिटून आरामात टेकल्या होत्या.

"आजी, इथं बसू नका प्लीज," राजस म्हणाला. "हा नमुना आहे."

बाईंनी एक डोळा उघडला. "कशाचा?"

"नव्या ऑफिसचा."

"मग बसूनच बघायला पायजे की. साडी घेताना आम्ही पदर अंगावर टाकून बघतोच."

"निदान डोकं टेकू नका. लाकडाला तेल लागतंय."

"चांगलं खोबरेल आहे रे तम्मा, घाण्यावरचं," बाई धाकट्या भावाला समजवावं तशा म्हणाल्या आणि डोळा मिटला.

त्या तुंगाबाई. माहेर सीमाभागातलं, म्हणून मराठी यायची. त्यांचं काम साधं होतं, म्हणूनच रखडलं होतं. जुन्या नोंदी संगणकावर चढवताना कुणीतरी त्यांच्या घराच्या मालकाचं नाव 'तुंगप्पा' आणि लिंग 'पुरुष' असं टाकलं होतं. बाई दुरुस्ती मागायला आल्या, तर खिडकीतून सांगण्यात आलं की तुंगप्पांना घेऊन या. तुंगप्पा नाहीत म्हटल्यावर त्यांच्या मृत्यूचा दाखला मागितला.

"मी जिवंत आहे म्हणावं तर मी बाई निघते," त्या राजसला सांगत होत्या. "आणि मेले म्हणावं तर दाखला घ्यायला कोण जाणार? इतकी वर्षं एकटी राहते म्हणून बिनघोर होते. आता घरात हा तुंगप्पा शिरलाय. भाडं पण देत नाही."

"मग मोठ्या साहेबांना भेटा ना."

"रोज येते. रोज म्हणतात, साहेब जागेवर नाहीत. जिना चढून जाईपर्यंत ते मागनं कुठनं तरी गेलेले असतात."

राजसला हसूही आलं आणि रागही. त्याचा राग तेलाच्या डागांचा होता, पण तो बाईंवर काढणं आता जमेना. तो तिथंच बसून राहिला, आणि बसल्यावर त्याला काही गोष्टी दिसायला लागल्या. बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या बायकांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. टेबलाची कड बुटक्या माणसाच्या हनुवटीपाशी येत होती. पिशवी ठेवायला जागाच नव्हती, म्हणून ती खांबाला जात होती. हे सगळं त्यानं स्वतः आखलेलं होतं, आणि आखताना त्याच्या डोळ्यांसमोर माणूस नव्हता, मासिकाचं पान होतं. तो मुकाट्यानं ऑफिसात गेला आणि कागदावर बाकं खाली घेतली, टेबल उतरवलं, खांबांमध्ये खुंट्यांची पट्टी टाकली. वाणीनं नवा आराखडा पाहून फक्त "आय्तु" म्हटलं, म्हणजे झालं, एवढंच. तिच्याकडून ही मोठीच शाबासकी होती.

आणि मग एके दिवशी साहेब आले. समिती नाही, काही नाही. सकाळी गाडीतून उतरताना त्यांना आपल्या जागेवर उभं असलेलं लाकूड दिसलं आणि राहवलं नाही. योगायोगानं राजस आणि वाणी तिथंच होती. साहेबांनी खांबावरून हात फिरवला. पायऱ्या चढले. फळ्यांवर टाचेनं ठोकून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर ऑस्ट्रिया उमटला. शामसुंदर मागून धावत आले. त्यांनी टेबलामागची खुर्ची पुसली आणि साहेबांना बसवलं.

इथवर सगळं ठीक होतं. पण शामसुंदरांना उत्साह आवरला नाही. ते रांगेकडे वळून मोठ्यानं कन्नडात म्हणाले, "बघा, साहेब स्वतः बसलेत!"

तुंगाबाईंचे दोन्ही डोळे उघडले.

त्या वयाच्या आणि त्या वजनाच्या बाईनं इतक्या चपळाईनं हालचाल केलेली राजसनं कधी पाहिली नव्हती. दोन पायऱ्या होत्या, त्यांतल्या वरच्या पायरीवर त्या उभ्या राहिल्या आणि वाट बंद झाली. "अय्यो, साहेब! जागेवर आहात?" त्यांच्या आवाजात इतका निर्मळ आनंद होता की साहेबांना 'नाही' म्हणता येईना.

बाईंनी तुंगप्पाची सगळी हकिगत ऐकवली. राजसला त्यांच्या कन्नडमधलं निम्मं कळलं. निम्मं पुरेसं होतं. साहेब ऐकता ऐकता डावीकडे बघत होते, उजवीकडे बघत होते. तोवर बाकावरचे सगळे उठून टेबलाभोवती आले होते. चारी बाजूंनी उघड्या खोलीला चारी बाजूंनी माणसं चिकटली होती.

साहेब राजसकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "बागिलु एल्लि?"

"दार कुठंय विचारतायत," वाणी पुटपुटली.

राजस अभिमानानं फुलला. आपल्या रचनेत कुणाला तरी रस वाटला, हाच त्याचा समज झाला. "दार नाहीच, सर! इट्स कम्प्लीटली ओपन."

साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला एकदम लॉबीतले धबधबे बरे वाटले.

दुपारच्या जेवणापर्यंत साहेब तिथंच होते. वरून कारकून बोलवावे लागले, संगणक उचलून आणावा लागला. कुणाची हद्द ठरली, कुणाच्या आजोबांचं नाव नीट झालं. तुंगप्पा साहेबांच्या सहीनं नाहीसा झाला. तुंगाबाईंनी पडद्यावर आपलं नाव बोट ठेवून वाचलं, 'स्त्री' हा शब्द दोनदा वाचला, आणि साहेबांना डब्यातलं उरलेलं चित्रान्न दिलं. साहेबांनी ते खाल्लं. दुसरा काही इलाज नव्हता, आणि भूकही लागली होती.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. राजस शिव्या खायच्या तयारीनं गेला. पण साहेब गोड होते. डिझाइन उत्तम आहे म्हणाले. सनमायका नको, ग्रॅनाइट नको, जसं आहे तसं करा. फक्त एक छोटी गोष्ट. वरच्या मजल्यावर त्यांच्या केबिनमागून एक जिना हवा. मागच्या बोळात उतरणारा. लोकांना दिसणार नाही असा.

राजस ऑफिसात येऊन तासभर बोलत होता. मागची बाजू हीच इमारतीची सगळ्यात सुंदर बाजू होती. तिथं हे पळवाटेचं शेपूट? आणि त्या बायकांनी उन्हात उभं राहायचं, हे मागनं सटकणार? "मी नाही काढणार. मी काम सोडतो. ही इंटिग्रिटीची गोष्ट आहे."

वाणीनं कॉफी संपवली. "काढ की. जिनाच तर आहे."

"वाणी, तू पण?"

"साहेबांना दुसरा जिना पायजे, आपण देऊ. लाकडाची बिल्डिंग आहे. नकाशा अग्निशमनवाल्यांकडे जाणारच ना? चांगला काढ. रुंद काढ. लाजू नको."

राजसनं तो जिना दात-ओठ खात काढला, आणि तरीही हातानं आपोआप चांगलाच काढला गेला : ऐसपैस पायऱ्या, गोल कठडा, मध्ये टेकायला चौथरा. असा जिना कुणी लपवायला काढत नाही.

अग्निशमनच्या कार्यालयात नकाशा तपासायला हर्षिता नावाची तरुण अधिकारी होती. लाकडी सरकारी इमारत तिनं पहिल्यांदाच पाहिली, त्यामुळे ती एकेक रेघ वाचत होती. शामसुंदर कचेरीच्या वतीनं हजर होते.

"दुसरा जिना दिलात, हे फार बरं केलंत," ती म्हणाली. "नसता तर मीच मागितला असता. पण हा उतरतो कुठं?"

"मागच्या बोळात," शामसुंदर म्हणाले.

"तिथं विजेचा ट्रान्सफॉर्मर आहे. बोळ पुढं बंद. लाकडी इमारतीला आग लागली तर माणसं तिथं अडकतील. जिना मोकळ्या जागेत उतरला पाहिजे. मोकळी जागा कुठंय?"

राजसनं नकाशावर बोट ठेवलं. मोकळी जागा एकच होती. पुढची. लोकांची.

"मग इथं उतरवा. आणि केबिनीतून एकट्यासाठी नको, सगळ्या अधिकाऱ्यांची दारं या जिन्याकडे उघडू द्या. कुलूप नाही. पडदा नाही, झाडाची कुंडी नाही. वर हिरवा दिवा, दिवसासुद्धा चालू."

शामसुंदरांनी लढून पाहिलं. साहेबांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, म्हणाले. हर्षितानं शांतपणे विचारलं, "म्हणजे आगीत साहेब शेवटी निघाले तर चालेल, असं लिहून देता?" शामसुंदरांनी चारही पेनं खिशातच ठेवली.

बाहेर रिक्षाची वाट बघताना राजसच्या डोक्यात अखेर उजेड पडला. "तुला माहीत होतं!" तो वाणीला म्हणाला.

"मला काय माहीत असणार?" वाणीनं हात करून रिक्षा थांबवली. "सरकारनं सरकारला सांगितलं. आपण मध्ये कोण?"

इमारत उभी राहायला पावसाळा आणि हिवाळा गेला. उद्‌घाटनाला हार, नादस्वर, गोड केसरीबात, सगळं झालं. जुन्या बंगल्याच्या दगडी भिंतीशेजारी ते मधाच्या रंगाचं लाकूड उभं राहिलं तेव्हा राजस दोनदा रस्ता ओलांडून ते लांबून बघून आला. एका खांबाला रंगाऱ्यानं सवयीनं सरकारी पिवळा ऑइलपेंट दिला होता, तो त्यानं स्वतः पॉलिशपेपर घेऊन घासून काढला, नव्या शर्टात. 'डोकं टेकू नका' अशी पाटी शामसुंदरांनी आणली होती, ती वाणीनं हरवली.

सुरुवातीचे आठवडे वरच्या मजल्यावर मोठं दुःख होतं. एक जिना पुढच्या दारात उतरायचा आणि दुसरा थेट बाकांच्या मधोमध. हिरव्या दिव्याखाली पायताण दिसलं की खालचे सगळे उठून उभे राहायचे. अधिकारी डबा वर मागवायला लागले. वर कोंडून घेतलं की वेळ जाईना, मोबाइलचाही कंटाळा येतो. मग नाइलाजानं समोरच्या फायली उघडल्या जायच्या. एकदा उघडली की फाइल संपायचीही. शामसुंदरांनी तर चढउतार नको म्हणून जिन्याच्या मधल्या चौथऱ्यावरच स्टूल टाकलं आणि तिथूनच लोकांना वाटेला लावायला सुरुवात केली. वरचे म्हणायचे ते खाली बसतात, खालचे म्हणायचे ते वर बसतात. त्यांना स्वतःला तिथं वारा छान लागायचा.

साहेबांनी मात्र राजसला पुन्हा कधी बोलावलं नाही. तो मनातून धरून चालला होता की ते आपल्यावर कायमचे रुसले. म्हणून काही महिन्यांनी एका रविवारी ते त्याच्या ऑफिसात येऊन उभे राहिले तेव्हा तो दचकला. साध्या लुंगी-शर्टात होते, हातात सकलेशपूरकडच्या जमिनीचा नकाशा. निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. तिकडे वडिलांच्या कॉफीच्या बागेत छोटं घर बांधायचं होतं. लाकडी.

"आजूबाजूला काय आहे, सर?" राजसनं विचारलं.

"काही नाही. कॉफी, मिरी, जळवा. कुणी येत-जात नाही." साहेबांनी नकाशातल्या रस्त्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "पुढं व्हरांडा मोठा काढा. बाकं टाका. रस्त्यावरून दिसेल असा."

"किती माणसांसाठी?"

साहेबांनी बोटांवर मोजायला घेतलं आणि मध्येच सोडलं. त्यांनी वाणीकडे पाहिलं, जणू तिला ठाऊक असावं.

"आम्ही मोठाच काढतो, सार," वाणी म्हणाली, आणि कॉफी सांगायला उठली.